वाडीची पोरं काट्यावर

वाल्मीक गुरुजींचं चुकलं ते इतकंच, की त्यांनी धनगरवाडीला अर्धी गोष्ट सांगितली. "उद्या डॉक्टर येऊन पोरांचं वजन करणार, त्यावरून सरकारचं दूध ठरणार," एवढं बोलून ते डोंगर उतरून घरी गेले. आणखी एक वाक्य बोलायला काय झालं होतं? पण हलक्या पोरांना दूध मिळणार, हे काय सांगायचं, असं त्यांना वाटलं.

वाडीला वजनाचा एकच अर्थ माहीत होता. बाजाराला निघताना बकऱ्याला मीठ चाटवायचं, वर पोटभर पाणी पाजायचं. मग खाटीक उचलून बघतो आणि भाव चढतो. वाडीचा कारभारी धुळाजी पहाटेच कामाला लागला.

सकाळी गुरुजी शाळेत आले तर एकूण एक पोराचं पोट टम्म.

"काय खाऊ घातलंत यांना?"

"खारी भाकर, आन वर तांब्या तांब्या पानी," धुळाजीची बायको बायजा म्हणाली. "वजन हुईस्तवर कुनी झाडामागं जायाचं न्हाई, म्हनून सांगितलंय."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, आपली आणि सडकेवरची, दोन शाळांत मिळून दुधाच्या पावडरीचं एकच पोतं आहे. ज्यांची पोरं हलकी, त्यांना ते मिळणार. तुमच्या शेळ्यांचं सगळं दूध सडकेवरच्या हाटेलात जातं. पोरांच्या बरगड्या दिसतात!"

"हलकं जितराब कुनी दाखवतं व्हय, गुर्जी?"

"जा रे, सगळे झाडामागे जा!" गुरुजी ओरडले. पोरांनी बायजाकडे बघितलं आणि एकही जागचं हललं नाही. शिक्षकाच्या शब्दाला वाडीत एवढी किंमत होती.

तेवढ्यात डॉक्टर धापा टाकत वर पोचले. आंब्याच्या फांदीला तानकाटा टांगला, खाली झोळी बांधली. पोर झोळीत बसलं की आतून डुबुक डुबुक आवाज यायचा. सगुणाची झोळी तर ठिबकायला लागली, पण तोवर आकडा टिपून झाला होता.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "सरासरी सडकेवरच्या शाळेपेक्षा जास्त आहे."

"साहेब, ते पाणी आहे."

"गुरुजी, पाणी सगळ्यांच्याच अंगात असतं."

"यांना जरा मोकळं होऊन येऊ द्या आणि परत तोला."

"आणि सडकेवरची पोरं? काल त्यांना धड उभं राहवत नव्हतं."

ते कसं राहवणार? तिथल्या पाटलाच्या गोठ्यात तीन म्हशी, पण शाळेच्या हेडमास्तरांना सरकारी रीत पाठ. त्यांनी वजनाच्या आदल्या दिवशी अख्ख्या शाळेला एरंडेल पाजलं होतं.

"साहेब, त्यांनी एरंडेल दिलं होतं."

"जंतांसाठी. आरोग्यसप्ताहात द्यायचंच असतं. तुम्ही दिलं नाहीत?"

आता काय सांगणार, कपाळ? एरंडेलाच्या बाटल्या वाडीपर्यंत कधी आल्याच नव्हत्या. मोटार जिथं थांबते तिथंच सरकारचं आरोग्य उतरतं, आणि डोंगर चढून येतो तो फक्त जाब.

"वाडी ठणठणीत आहे," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "आता तीन वर्षं तपासणीला यायची गरज नाही." ही गोष्ट त्यांना फारच पटलेली दिसली. त्यांनी लगबगीनं काटा उतरवला आणि ते निघाले. त्यांची पाठ वळताच पोरं झाडांकडे धावली. परत आली तेव्हा त्यांची पोटं पाठीला लागली होती.

गुरुजी तणतणत धुळाजीच्या अंगणात गेले. आज त्याला चांगला फैलावर घ्यायचा, असं ठरवूनच गेले. धुळाजीनं लाल पटका बांधला होता आणि तो येईल त्याला गूळ देत होता.

"गुर्जी, त्वांड का पाडलंय? पाटलाची पोरं अशक्त निगाली, आन आमची दांडगी. आमी न्हाई म्हनत, सरकार म्हनतंय. आजवर ही वाडी कशात तरी पयली आली हुती का?"

गुरुजींनी तोंड उघडलं. धुळाजी पटका सारखा करत उत्तराची वाट बघत होता.

"नव्हती आली," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी गुळासाठी हात पुढे केला.