गच्चीवरचा अजरामर वाफा

आमच्या घरात कुठलीही वस्तू आणायची तर आधी माझा सल्ला घेतात. घेत नसतील तर मी देतो! म्हणून बायकोनं गच्चीवर टोमॅटोसाठी उंच वाफा करायचं काढलं, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "असा वाफा करतो, की आपली नातवंडं त्यात टोमॅटो लावतील!"

"नातवंडांचं नंतर बघू," ती म्हणाली. "माझी रोपं रविवारी मातीत गेली पाहिजेत."

तिला घाई होती, कारण गेल्या वर्षीचा फळ्यांचा वाफा मीच केला होता. तो कुजला, परवा उचलताना त्याचं बूड गळालं आणि रोपं जिनाभर सांडली. आता तिच्या वडिलांनी जपलेल्या वाणाची दोनच रोपं उरली होती, पाहुण्यांच्या दोन कपांत. ती गेली की वाणच संपलं. खरं सांगतो, मलाही धाकधूक होती.

पण या वेळी मी शास्त्रीय पद्धत काढली. जे पाण्यात टिकेल तेच गच्चीवर टिकेल! सुताराकडून लाकूड आणि प्लायवूड आणलं, पत्रा आणला, स्वस्तात मिळाली म्हणून कच्ची वीट आणली. घरातलं एकूण एक भांडं भरलं आणि तुकडे बुडवले. वीट माझ्या अंघोळीच्या निळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत गेली, लाकूड कुकरमध्ये.

"अहो, मग भात?" बायको ओरडली.

"विज्ञानासाठी त्याग करावा लागतो!"

शनिवारी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई दारात आल्या. आत पाहतात तर काय, पिंपापासून पातेल्यापर्यंत सगळं काठोकाठ!

"काय हो, पाणी जाणार आहे का?"

प्रयोग पुरा होईपर्यंत मला गुपित फोडायचं नव्हतं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "आत्ताच काही सांगत नाही. रविवारी कळेलच!"

बाईंनी उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट एकाच वर्गाला सांगितली नव्हती. रविवारी सकाळी इमारतीतले सगळे नळ एकदम सुटले. लोकांनी पिंपं भरली, डबे भरले, कुणीतरी म्हणे फुलदाण्याही भरल्या! मी डोक्याला साबण लावला आणि नळानं खोकून मान टाकली. टाकी ठणठणीत!

जिन्यात गलका झाला. चेअरमन गरजले, "पाणी जाणार हे आधी सांगितलं कुणी?" सगळी बोटं माझ्याकडे वळली. मी टॉवेल सावरत होतो.

तेवढ्यात गच्चीवरून बायकोची हाक आली, "अहो, रोपांनी माना टाकल्या! पाणी आणा!"

मी घरात धावलो. लाकडाचं पाणी काळं, प्लायवूडचं डिंकासारखं, पत्र्याचं गंजकट. विटेचा चिखल झालेला. सगळ्या इमारतीत पाणीच पाणी, आणि ज्यानं भरायला लावलं त्याच्याच घरी घोटभर नाही! शेवटी डोळ्यांत साबण, हातात पेला, असा मास्तरीणबाईंच्या दारात उभा राहिलो.

त्यांनी पेला भरला. मग कानाशी येऊन विचारलं, "पाण्याचं तुमचं अगदी खरं निघालं हो! आता पुढे काय जाणार? वीज?"

पाणी मिळालं आणि रोपं हळूहळू सावरली. माझाही जीव भांड्यात पडला. पण वाफा? प्लायवूडचे पापुद्रे सुटले होते. पत्र्याच्या कडा लाल झाल्या होत्या. लाकूड फुगून कुकरमध्ये असं अडकलं होतं, की दोघांनी ओढूनही हलेना.

वाणाच्या काळजीनं सासूबाई आदल्या दिवशीच आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. त्यांनी निळी बादली उचलली, चिखल ओतून दिला आणि वरखाली नीट पाहिली.

"जावईबापू, ही किती वर्षं पाण्यात आहे?"

"आमच्या लग्नापासून."

"कुजली?"

"नाही."

"गंजली?"

त्यांनी तापलेल्या सळईनं बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि बादली स्टुलावर ठेवली. "घ्या, उंचही झाला!"

रोपं आता काठाच्या वर आली आहेत. एकाला पिवळं फूलही आलंय. बायको येईल त्याला कौतुकानं तो वाफा दाखवते, आणि जागा कशी निवडली, साहित्य कसं पारखलं, ते मी समजावून सांगतो.

अंघोळ मात्र सध्या चहाच्या पातेल्यातून करतो. तांब्याऐवजी पाहुण्यांचे कप घेतो. ते मोकळेच झालेत ना!