सर्व सुधारणांसह एक रायफल

मार्नी तालुका परिषदेत मालमत्तांचं मूल्य ठरवण्याच्या कामावर होती. त्यामुळे स्वतःची शिकारीची रायफल विकायची वेळ आली, तेव्हा तिची किंमत काढायला दुसऱ्या कुणाला विचारावं लागेल असं तिला वाटलंच नाही.

विकण्याचं कारण साधं होतं. हिवाळा तोंडावर आला होता, 'ते आनाऊ' नावाच्या तळ्यावरचा वारा भिंतींना न जुमानता थेट पाळण्यापर्यंत येत होता आणि तान्ह्या लेकीचा, अनिवाचा खोकला हटत नव्हता. खोली ऊबदार ठेवणारं यंत्र बसवायचं, तर दोनपैकी एक रायफल जायला हवी होती. नवऱ्याच्या, म्हणजे रेवीच्या रायफलीवर घरातलं वर्षभराचं सांबराचं मटण अवलंबून होतं. मार्नीच्या रायफलीवर काहीच अवलंबून नव्हतं. अनिवा झाल्यापासून तिनं डोंगर पाहिला होता तो कपडे वाळत घालताना.

परिषदेच्या पद्धतीप्रमाणे मालमत्तेचं मूल्य म्हणजे मूळ जागा अधिक तीवर केलेल्या सुधारणा. रायफल ही मूळ जागा धरली, तर सुधारणांना काही तोटा नव्हता. मार्नी डावखुरी आणि ठेंगणी. तिच्या मापानं अक्रोडाचा दस्ता तासून आखूड केला होता, गाल टेकायचा उंचवटा उलट्या बाजूला बसवला होता. झुडपांत अडकते म्हणून नळी वीतभर कापली होती. दस्त्यावर तिनं टिपलेल्या पहिल्या सांबराचं चित्र कोरलेलं होतं. ते बोकडासारखं दिसतं, हे सांगायचं धाडस आजवर फक्त सासूबाईंनी केलं होतं. मार्नीनं सगळ्या खर्चाची बेरीज केली. आकडा इतका समाधानकारक निघाला, की तिनं मनातल्या मनात पाळण्याखाली लोकरीचा गालिचाही अंथरला.

अनिवाला पोटाशी बांधून ती डूगलच्या दुकानात गेली. पंचक्रोशीतली जुनी हत्यारं डूगलच घेत आणि विकत असे. तो चीज रोल खात होता.

"किती म्हणतेस?"

मार्नीनं आकडा सांगितला. डूगलनं रोल खाली ठेवला.

"त्यात तू पण येतेस का?"

"मूळ किंमत अधिक सुधारणा," मार्नी म्हणाली. "सर्वमान्य पद्धत आहे, डूगल."

"मग पद्धतशीरच बघू. दस्ता आखूड केलाय. कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"म्हणजे उरलेल्या लोकसंख्येसाठी बिघडवलाय. वजा. उंचवटा उलटा. वजा. नळी कापलीय, आणि नळ्या काही परत वाढत नाहीत. वजा. हा बोकड..."

"सांबर आहे ते!"

"बोकड म्हणून एखादा हौशी घेईल गं. सांबर म्हणून विकलं तर माझ्यावर फसवणुकीचा ठपका येईल." त्यानं दस्ता उजेडात धरला. "आणि इथं काय झालंय? उंदीर?"

मार्नीनं खाली बघितलं. तेल लावण्यासाठी दस्ता सोडवून ठेवला होता, नेमके तेव्हा अनिवाचे खालचे दोन दात येत होते. तिच्या हिशेबात ही खूण सुधारणांमध्ये धरलेली होती. खरं सांगायचं, तर सगळ्यात वर.

"दात," ती म्हणाली.

"जैविक स्वरूपाचं नुकसान," डूगल म्हणाला. "हे सगळं मूळ स्थितीत आणायचा खर्च धरला, तर किंमत शून्याच्या खाली जाते. खरं म्हणजे तूच मला देणं लागतेस. ओळखीत सोडून देतो."

"ही कुठली पद्धत?"

"तुमचीच, बाईसाहेब. माझ्या घराचं मूल्य ठरवायला तूच आली होतीस. दुधाची जुनी टाकी कापून मी अंगणात गरम पाण्याचं न्हाणं केलंय, आठवतंय? 'मालकाच्या व्यक्तिगत आवडीपुरते मर्यादित, मूल्यवृद्धीस अपात्र, हटवण्याचा खर्च वजा करावा.' पाठ झालंय मला."

मार्नीलाही ते वाक्य आठवलं. ऑफिसात चहाच्या वेळी तिनं ते वाचून दाखवलं होतं. सगळे हसले होते.

"आमच्या हिचे, ग्रिझेलचे गुडघे दुखायचे गं," डूगल म्हणाला. "म्हणून टाकीची कड ठेंगणी ठेवली. तिच्या मापानं."

अनिवाला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरल्यावर तिनं हात पुढे करून रायफलीवरची दुर्बीण पकडली.

"थांब, थांब," डूगल एकदम खाली वाकला. "ही कुठली?"

"रेवीनं दिली. वापरायला मिळालीच नाही. त्याच आठवड्यात कळलं, की अनिवा येणार आहे."

"काही कापलं? कोरलं? चावलं?"

"नाही."

"म्हणजे हिला तुझा हातच लागलेला नाही!" डूगलचा चेहरा उजळला. "मग हिला किंमत आहे."

किंमत चांगली आली. गालिचा नाही आला, पण यंत्र आलं. बसवलं त्या दिवशी अनिवा दुपारभर न खोकता झोपली, आणि मार्नी पाळण्याशेजारी विनाकारण बसून राहिली. रायफल सर्व सुधारणांसह कपाटात परत गेली.

सोमवारी मार्नीनं डूगलच्या घराची फाइल मागवली. न्हाण्याचा फोटो पुन्हा पाहिला. मन अगदी मोठं करून पाहिला, ग्रिझेलचे गुडघे डोळ्यांसमोर आणून पाहिला. तरी ती दुधाची टाकीच दिसत होती. तिनं एक अक्षरही न बदलता फाइल बंद केली.

वाचकांना हा अन्याय वाटत असेल, तर त्यांनी आपल्या घरात हौसेनं करून घेतलेली एखादी वस्तू आठवावी आणि तिची योग्य किंमत मनात धरावी.

धरली?

आता ती वस्तू शेजाऱ्यांची आहे असं समजा.