ब्रासारच्या गाण्यांतली आंघोळ

पुस्तकांवर थिओद्यूल काब्रोल यांच्याइतका जीव असलेला माणूस अख्ख्या रुआं शहरात नव्हता; आणि त्यांनी त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं! छापखान्यातून पुस्तक यायचं ते जोडलेल्या पानांचं. वाचायचं तर सुरीने पानं कापा. आणि कापलं की बाटलं! मग संग्राहक त्याला हात लावत नसत.

"रविवारी संग्राहक मंडळाचा अध्यक्ष मीच!" काब्रोलनी बायकोला बजावलं. "गीतकार ब्रासारच्या गाण्यांची सचित्र आवृत्ती! अजून सुरी लागलेली नाही!"

"गाणी बरी आहेत का हो?" ओर्तांसबाईंनी विचारलं.

"मला काय माहीत?"

रविवारी जेवायला मंडळाचे चार सभासद आले. जेवणानंतर मतदान. प्रतिस्पर्धी एकच, त्या चौघांतले नोटरी देल्मा. त्यांच्याकडेही हीच आवृत्ती, तीही न कापलेली. सूप पिता पिता देल्मांनी हळूच काडी टाकली, "काब्रोल, तुमच्या प्रतीत ते आंघोळीचं चित्र आहे ना? काही प्रतींतून पाद्र्यांनी काढायला लावलं म्हणे!"

झालं! चारही चमचे खाली. काब्रोलनी प्रत आणली, जोडलेली पानं अलगद फुगवली आणि खालच्या फटीला डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"काहीतरी गोल आहे!"

"खांदा असेल!"

"खांद्यापेक्षा बराच मोठा!"

"सरका हो, मला बघू द्या!" म्हातारे डॉक्टर धापा टाकत वाकले. "अहाहा! काय भरलेली अंगकाठी! पण... सुरकुत्या फार आहेत."

"चुण्या असतील! नेसून आंघोळ करत असेल."

"एवढ्या चुण्या?"

"थंडीचे दिवस असतील!"

मग रांगच लागली. दुसऱ्या पाळीला डॉक्टर तर खालून बघायला टेबलाखाली आडवे झाले. एवढ्यात ओर्तांसबाई बदक घेऊन आल्या. टेबलापाशी एकही तोंड नाही, सगळ्या पाठी!

"अहो, बदक गार होतंय!"

"थांब गं, आंघोळ चाललीय!"

बाईंनी बदक खाली ठेवलं, चीज कापायची सुरी उचलली, नवऱ्याच्या नाकाखालून घातली आणि सर्रकन ओढली. "हं, बघा एकदाचं आणि बसा जेवायला!"

पान उघडलं. पानभर कोबी! खाली छापलं होतं, 'कोबीची लागवड, प्रकरण तिसरं.' बांधणाऱ्याने भलत्याच पुस्तकाची पानं आत घातली होती आणि इतक्या वर्षांत ती कुणी पाहिलीच नव्हती.

बदक संपलं. मतदान झालं. अध्यक्ष, देल्मा!

"कापलेल्या प्रतीचा अध्यक्ष? छे! लोक काय म्हणतील?" डॉक्टर गुडघे झटकत म्हणाले.

काब्रोल उसळले, "पण देल्मा, तुमची प्रत त्याच छापखान्यातली, त्याच बांधणीची! तिच्यातही कोबीच असणार!"

"असेल की," नवे अध्यक्ष हातमोजे चढवत म्हणाले. "पण मी लग्न केलेलं नाही."