उलट्या पडद्याची व आत्याबाईंच्या मानाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. विजेस दंडवत, तारांस रामराम, आणि ज्या यंत्राचे पडद्यावर हे सर्व घडले त्यास दुरूनच नमस्कार. "उलट्या पडद्याचे वर्तमान यथास्थित लिहून ठेवणे" ऐसी धन्यांची आज्ञा जाहली, म्हणोन पाहिले तैसे लिहिले. मीठमसाला लावला असेल तो चवीपुरता. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध एकादशी.

ते समयी तिसरे मजल्यावरील राज्यात श्रीमंत मनोहरपंत गादीवर होते आणि राज्य त्यांच्या पत्नी सुलभाबाईसाहेब करीत होत्या. बाईसाहेबांचे धाकटे बंधू शिरीषराव सातासमुद्रापार चाकरीस राहिले. चार वर्षांमागे त्यांचे लग्नात करवलीचा मान चुलतबहिणीस दिला गेला, त्यावरून बोलाचाली होऊन बहीणभावांत अबोला पडला आणि तो काही केल्या सुटेना. मग बंधूंस कन्यारत्न जाहले आणि त्यांनी आपण होऊन फोन केला की, "ताई, बारसं आहे. आत्या तूच. दसऱ्याला संध्याकाळी सात वाजता कॉम्प्युटरवर ये आणि नाव ठेव." बाईसाहेबांनी फोनवर फक्त "बघते" म्हटले आणि फोन ठेवून पदराने डोळे पुसले. हे आम्ही पाहिले.

मग दसरा आला आणि पंतांनी श्रीखंडपुरी अशी काही झोडली की दुपारी लवंडले ते दिवेलागणीस उठले, आणि तेव्हा त्यांस शस्त्रपूजा आठवली. राज्याची शस्त्रे म्हणजे विळी, इस्त्री, स्कूटर आणि संगणक. संगणकाचे पडद्यावर देवीची तसबीर आणोन, यंत्रास झेंडूची माळ घालोन, कीबोर्डाचे उजवे कोपऱ्यात नारळ ठेविला आणि तो घरंगळू नये म्हणोन तळहाताने चांगला दाबिला, आणि डोळे मिटोन आरती म्हटली. डोळे उघडतात तो देवी खाली आणि सिंह वर! पंत ओरडले, "अगं, देवी उलटी झाली!" बाईसाहेब हातातली नथ घेऊन धावत आल्या आणि पडदा पाहोन म्हणाल्या, "आता मी दिसले नाही तर शिऱ्या म्हणेल, ताई अजून रुसलीय. आत्याचा मानही जाईल आणि भाऊही जाईल."

मग पंतांनी यंत्र बंद करोन चालू केले, तरी उलटेच. तारा उपसून फुंकर मारोन पुन्हा खोचल्या, तरी उलटेच. पडद्याचे पाठीवर दोन चापट्या दिधल्या, मग स्वतःच ओणवे होऊन पायांमधून पाहू लागले, तो कंबरेत उसण भरली. इतक्यात शेजारचे राज्यातून पाटणकर आपट्याची पाने घेऊन आले आणि न विचारता बोलिले, "व्हायरस आहे. सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. उद्या दुपारपर्यंत होईल." वाहवा काय हकीम! बाईसाहेबांनी त्यांचे हाती पाने ठेविली आणि म्हणाल्या, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, आणि आत्ता निघा."

घड्याळात सात वाजावयास आले. तेव्हा बाईसाहेबांनी नथ चढविली, पदर खोचिला आणि हुकूम सोडला, "अहो, चित्र सुलट होत नसेल तर मॉनिटर उलटा करा!" धन्य ती मसलत! पंतांनी कण्हत कुंथत मॉनिटर डोक्यावर उभा केला, दोहों बाजूंस उशा लाविल्या आणि देवी सिंहावर आली. तोच सातासमुद्रापारहून घंटी वाजली. पडद्यावर पाळणा, फुगे, नटलेल्या बायका आणि मधोमध शिरीषराव. परंतु पडद्याचे माथ्यास चिमट्याने लाविलेला कॅमेरा आता तळाशी उलटा लोंबत होता. शिरीषराव पाहतात तो बहीण छताला लटकलेली! ते हसता हसता खुर्चीवरून घसरले. पंतांनी उलट्या पडद्याचे वर्तमान सांगताच म्हणाले, "ताई, कीबोर्डवर काय ठेवलं होतं?"

"नारळ. पूजेचा."

"उजव्या कोपऱ्यात? दाजी, नारळानं स्क्रीन फिरवली! कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण एकदम दाबा."

पंतांनी दाबिले आणि काय सांगावे, मॉनिटर उलटाच उभा होता, चित्र मात्र सुलट जाहले. म्हणजे पाळणा वर, फुगे खाली आणि बाळ उलटे. पंत मॉनिटर उचलू गेले, तो उशी निसटली. तिकडे बाळाने भोकाड पसरले. बाईसाहेब कडाडल्या, "राहू द्या! हात लावू नका त्याला! उलटी असो सुलटी असो, माझी भाची मला दिसतेय." आणि माईकास तोंड लावोन म्हणाल्या, "कुर्र... शाल्मली!" बाळ क्षणभर थबकले आणि तिकडल्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

मग तिकडून एक वहिनी म्हणाल्या की नाव ठेवल्यावर आत्याचे पाठीत गुद्दे घालायचे असतात, ते कोणी घालावे? पंत पुढे सरसावले, परंतु शिरीषराव म्हणाले, "दाजी, थांबा. ते माझ्याकडे राहू द्या. पुढच्या महिन्यात आम्ही तिघं येतोय. तेव्हा घालीन." यावर बाईसाहेब नथ सावरीत सावरीत एवढेच म्हणाल्या, "ये रे. जोरात घाल."

येणेप्रमाणे पडदा उलटला, अबोला सुटला आणि कन्येचे नाव शाल्मली ठरले. पंतांचे कंबरेस शेक चालू आहे आणि बाईसाहेबांनी पाहुण्यांच्या गाद्या आजपासोनच उन्हात घातल्या आहेत. राज्य सुखी आहे. लेखनसीमा.