एकशेपाच डिग्रीवाले काकाजी

यशवंत काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी चालू असलेलं गाणं बंद करायला लावतात. गाण्याशी त्यांचं वैर नाही. पण गाणं चालू असताना स्पीकरची तब्येत कळत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. गाणं थांबलं की ते स्पीकरला कान लावतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "कंडेन्सर गेला." यजमान तोपर्यंत पाण्याचा गिलास हातात धरून ताटकळत उभा असतो.

शेलूबाजारात त्यांची नि आमची भिंत एकच. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं माझं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. एकदा भर दुपारी काकाजी जेवणावरून उठून, उष्टा हात तसाच वर धरून माझ्या दारात आले.

"जय भीम. तुमचा स्पीकर घूं करून राह्यला. मले जेवन जाऊन नाही राह्यलं."

मला तो आवाज तोवर कधी आलाच नव्हता. त्यांनी दाखवल्यावर मात्र येऊ लागला आणि मग मलाही जेवण जाईना. शेवटी स्पीकर मुकाट्यानं त्यांच्या स्वाधीन केला.

विहारात तर त्यांनी कमालच केली होती. वंदना संपली होती, सगळे डोळे मिटून शांत बसले होते. त्या शांततेत काकाजींचा आवाज आला, "डावा हाय." दुसऱ्या दिवशी डावा स्पीकर दुरुस्त झाला, पण त्या दिवशीचं ध्यान काही कुणाला लागलं नाही.

कंडेन्सर म्हणजे स्पीकरच्या पोटातली करंगळीच्या पेराएवढी डबी. शिकलेली माणसं तिला कपॅसिटर म्हणतात. वीज खालीवर झाली की ती सांभाळून घेते. तिच्या आत थोडा ओलावा असतो, तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं सुकत जातो. मग डबीचं टोपण फुगतं आणि स्पीकर घूं करायला लागतो, नाहीतर त्याचा आवाजच बारीक होतो. जुनी डबी काढायची, नवी बसवायची, सोल्डरचे दोन डाग द्यायचे, झालं. पण काकाजींच्या हातात हे काम गेलं की त्याचं ऑपरेशन होतं. टेबल पुसलं जातं, चष्मा पुसला जातो नि बघ्यांना दोन हात मागे सरकवलं जातं.

नवा कंडेन्सरही कोणताही चालत नाही. दुकानदारानं पंच्याऐंशी डिग्रीपर्यंत टिकणारा दिला की काकाजी तो बोटानं परत सरकवतात. "हा पुन्याले चालते. आपल्या इकडं मे महिन्यात टिनाखाली माणूस टिकत नाही, तं हा कायचा टिकते? एकशेपाचवाला काढ." तो मिळावा म्हणून ते एसटीनं अकोल्याला जातात आणि येताना शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसतात. जन्मभर दाल मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते, त्यामुळे विजेच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मजुरी घेत नाहीत. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं लागतं, एवढीच किंमत.

पण दिव्याखाली अंधार. त्यांच्या घरचाच स्पीकर काही केल्या सुधारत नव्हता.

दर रविवारी सकाळी पुण्याहून त्यांची लेक नातीला घेऊन कॉम्प्युटरवर दिसते. नात कविता म्हणते, शाळेतली भांडणं सांगते. शोभाकाकू त्यासाठी शनिवारपासून तयारीत असतात. गेल्या वर्षभरात मात्र त्यांची एकच तक्रार होती, "पोरीचा आवाज बारीक येते." काकाजी लगेच स्पीकर उघडत. चार वेळा कंडेन्सर बदलले, चारही वेळा एकशेपाचवाले. महिना-दीड महिना बरा जाई, की पुन्हा तेच.

काकूंनी ही गोष्ट शेजारणींना सांगितली. घरचा स्पीकर होत नाही तिथं बाहेरचा काय होणार, असं लोक म्हणू लागले आणि आपापले स्पीकर घेऊन स्टँडवरच्या नव्या मेकॅनिककडे वळले. मीही चिडवायची संधी सोडली नाही. एरवी हा माणूस अंगावर आला असता. या बाबतीत मात्र नुसतं "पाहून घेऊ" म्हणायचा. मला ते चमत्कारिक वाटत होतं.

मग सोयाबीन निघाल्यावर जावई एकटेच चार दिवसांसाठी आले. ते पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहेत. सासऱ्यांची अडचण कळल्यावर त्यांनी स्पीकर उघडला, मीटर लावून तपासला, मोबाइलवरचं गाणं त्यावर वाजवलं. मी तिथंच होतो. आवाज खोलीभर घुमला.

"मामाजी, स्पीकर ठणठणीत आहे," जावई म्हणाले. "कंडेन्सर सगळे नवे आहेत. दोष यात नाहीच. मामीजींचे कान एकदा तपासून घ्या."

काकू पोह्यांच्या प्लेटा घेऊन चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं.

"काय म्हणून राह्यले जावई?"

काकाजी उठले. त्यांच्याजवळ गेले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "म्हणून राह्यले, मीच कंडेन्सर उलटा लावला. माझीच चूक हाय."

उलटा कंडेन्सर लावणं ही शिकाऊ पोराची पहिल्या आठवड्यातली चूक. शिवाय असा लावला तर तो फटकन फुटतो, वर्षभर बारीक आवाजात गात बसत नाही. हे जावयांनाही कळत होतं आणि ऐकून ऐकून आता मलाही. काकू मात्र पोटभर हसल्या. मिलमध्ये जन्मभर काय केलं मग, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर केली.

पोहे खाऊन आम्ही दारापुढच्या ओट्यावर आलो. जावई काही विचारणार, त्याआधीच काकाजी बोलले.

"तिच्या मायले आयकू येनं बंद झालं होतं. पयले घरचे वरडून बोलत, मंग त्यायनं बोलनंच सोडलं. म्हातारी कोपऱ्यात बसून सगळ्यायच्या तोंडाकडं पाहत राहे. हिनं ते सारं पाह्यलं हाय. कानाचं नाव काढलं की दोन दिवस जेवत नाही." मग म्हणाले, "अकोल्याले डॉक्टरकडं नेईन मी. तिच्या मनाची तयारी होऊ द्या. तवरक स्पीकर खराब हाय."

मला माझ्या थट्टेची लाज वाटली. आपल्या कामाशिवाय दुसरा अभिमान नसलेला हा माणूस, तोच वर्षभर गल्लीत स्वतःचं हसं करून घेत होता.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. काकाजींनी काकूंच्या देखत स्पीकरचे स्क्रू काढले, आत पाहिलं आणि तसेच परत बसवले. मग माझ्या ध्यानात आलं. पूर्वी हा स्पीकर कपाटावर असायचा. एका दुरुस्तीनंतर तो टेबलावर आला, पुढच्या दुरुस्तीनंतर स्टुलावर. आज काकाजींनी तो आपल्या खुर्चीवर ठेवला आणि खुर्ची काकूंच्या खाटेला चिकटवली. पलीकडून नात बोलू लागली.

"आता?" काकाजींनी विचारलं.

"आता कसा मस्त येते," काकू म्हणाल्या. "पयलेच नीट लावला असता तं."

"हो," काकाजी म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. नात अर्धा तास बोलत होती. त्या घरात खुर्ची एकच आहे.