आधी सफाई

काळ्या पडद्यावरच्या आठ-दहा कमांडा शिकल्या, तर खाजामियाँच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: बायकोचा, हजराबीचा आवाज. ती जाऊन आठ महिने झाले होते. मुलगा फैजान सौदीला जाण्याआधी घरात माइक तपासत होता, तेव्हा आईचं बोलणं त्यात रेकॉर्ड झालं होतं. रडता रडता त्यानंच फोनवर ते सांगून टाकलं, आणि तेव्हापासून खाजामियाँनी त्याचा पिच्छा सोडला नाही.

अडचण होती ती, ज्यात रेकॉर्डिंग होतं त्या, फैजान घरी ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरची. चालू केला की काळा पडदा यायचा आणि एक पांढरी रेघ हुकमाची वाट बघत लुकलुकायची. फैजाननं सल्ला दिला, "त्यात युनिक्स हाय, टाइप करून हुकूम द्यायचं. त्याच्या कमांडा शिका अगुदर. नवशिक्याचं पुस्तक बघा कुठं. घाई करू नका."

नेकनूरच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावून खाजामियाँ बीडला गेले. तिथं दुकानदारानं तलाठी परीक्षेचं गाईड पुढं केलं. कॉम्प्युटर शेवटच्या धड्यात आहे म्हणाला. अंबाजोगाईला जुनी पुस्तकं विकणाऱ्या शहादेवनं उशीएवढा इंग्रजी ग्रंथ काढला. खाजामियाँनी तो दोन्ही हातांनी तोलला आणि परत दिला. "हे वाचून हुईस्तोवर मीच हजराबीकडं पोचंल." मोबाइलवरच्या मास्तरानं पहिली कमांड सांगण्याआधी दोनदा चॅनल सबस्क्राइब करायला लावलं.

शेवटी बीडमध्ये कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या युवराजनं मराठीत लिहिलेली चार पानं दिली. आमच्या पोरांना हे वर्षभरात जमत नाही चाचा, असंही बजावलं. खाजामियाँना नऊ दिवसांत जमलं. डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून ते एकेक अक्षर दाबत, स्प्रिंग बसवावी तसं.

यादीची कमांड दिल्यावर दोनशे नावं पडद्यावर सांडली. त्यात 'अम्मी' किंवा 'हजराबी' असं नाव कुठंच नव्हतं. निम्मी नावं म्हणजे नुसते आकडेच. आता घड्याळ कुठलंही असो, आधी उघडायचं, घाण काढायची, मग बिघाड शोधायचा, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. पसारा गेला की हजराबी दिसेल, या हिशेबानं त्यांनी तिसऱ्या पानावरची पुसायची कमांड घेतली आणि आकडे झाडून काढले. तहसीलात साध्या दाखल्याला माणूस तीनदा माघारी येतो. या मशीननं खरंच पुसू का, असं एकदाही विचारलं नाही.

हजराबी दिसली नाही. युवराजला फोन लावल्यावर कळलं की रेकॉर्डिंगला नाव दिलं नाही, तर मशीन आपणहून आकडा टाकतं.

"परत येतंय का मग ते?"

"न्हाई चाचा. युनिक्समधी पुसलं की पुसलं."

शुक्रवारी नमाजानंतर फैजानचा फोन आला. जमलं का, हे त्यानं इतकं दबकत विचारलं की खाजामियाँना पोराची कीव आली.

"जमलं की. ऐकलं म्या."

"काय म्हनली अम्मी?"

"काय म्हननार. फैजान जेवला का, म्हनून इचारत होती."

मग फैजान म्हणाला, "तसं न्हाई त्यात, अब्बा. माझ्या मोबाइलमधी हाय ते, पयल्यापासनं. मला वाटलं कमांडांना कटाळून तुमी नाद सोडाल."

खाजामियाँ रागावले नाहीत. "पाठव," एवढंच म्हणाले.

चाळीस सेकंदांचं होतं. भांड्यांचा आवाज, आणि मग ती. "छातीत दुखतंय रे कवाचं. अब्बाला सांगू नको. दुकान इकून मला दवाखान्यात नेतील, लई भोळे हायती. तुझं हे चालू हाय का बंद?"

खाजामियाँनी ते तीनदा ऐकलं आणि कुणाचं काय गेलं ते मनाशी लावून बघितलं. त्यांचे स्वतःचे नऊ दिवस गेले. आईला दिलेला शब्द पाळून फैजानची आठ महिन्यांची झोप गेली. दुकान मात्र जिथल्या तिथं होतं, कुलपासकट. त्याची किंमत हजराबीनं एकटीनं, कुणाला न विचारता, आधीच भरून टाकली होती.