वाढत्या अंगाचा चिमटा

रामकिशन टेलरने ठरवलं ते एवढंच होतं, की यंदाच्या अधिक महिन्यात धोंडे जेवायला सासुरवाडीला सायकलवर जायचं. पूर्णेहून चुडावा म्हणजे काही विलायत नाही.

याला कारण साडू. धाकटा साडू आदिनाथ जिमला जातो, आणि मागच्या लग्नात भर पंगतीत तो म्हणाला, "साडूभाऊ, मशीनवर बसून बसून तुमी स्टुलाच्या आकाराचे व्हायलाव." पंगत हसली. सासूबाई कासाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हे मात्र रामकिशनला लागलं. घरचा थोरला जावई होता तो. "यंदा धोंड्याला सायकलवर येतो," असं तो बोलून गेला आणि लगेच तोंडात जिलबी घातल्यामुळे शब्द मागे घेता आले नाहीत.

सायकल होती. बदली होऊन गेलेल्या एका रेल्वेबाबूची, गिअरची, जाड टायरची. फक्त तिचा पुढचं चाक धरणारा शॉकअपचा चिमटा गंजून असा जाम झाला होता की खड्ड्यातला दणका थेट दाढेपर्यंत यायचा. नवा मागवायचं ठरलं. मोबाइलवर वाचल्यावर कळलं, चिमटा म्हणजे काही भाजी नव्हे की दिसला आणि घेतला. चाक, फ्रेमच्या गळ्यातली नळी, ब्रेक आणि शॉकअपची उंची, सगळं जुळावं लागतं.

"मापाचंच काम हाय ना," रामकिशन म्हणाला. गळ्यातला टेप काढून त्याने सायकलचं माप घेतलं. (सवयीने तिला 'श्वास सोडा' म्हणाला नाही, एवढंच.) चाक जुळलं, नळी जुळली, ब्रेकही जुळले. राहिली शॉकअपची उंची, आणि तिथे त्याच्यातला टेलर आडवा आला. पूर्णेतली निम्मी पोरं त्याच्या गणवेशात लहानाची मोठी झाली होती. वाढत्या अंगाचं शिवायचं, चार बोटं जास्त ठेवायची, हा त्याचा धर्म. कमी पडलं तर गिऱ्हाईक शिव्या देतं. जास्त झालं म्हणून आजवर कुणी भांडायला आलं नव्हतं. त्याने यादीतला सगळ्यात उंच चिमटा निवडला.

"हे लय उंच न्हाई का?" त्याच्या बायकोने, विजयमालेने, मोबाइलमध्ये डोकावून विचारलं.

"असू दे. जास्तीचं वाया जात न्हाई."

"आवं, पर सायकल काय वाढनार हाय का?"

तोवर त्याने ऑर्डर देऊन टाकली होती.

चिमटा आला आणि बन्सीधर मिस्त्रीने तो बसवला. बन्सीधरच्या दुकानातून न बसलेली वस्तू कधी परत जात नाही. त्याचा हातोडा मोठा आहे. गळ्यातून वर आलेली जास्तीची नळी कापू का, असं त्याने विचारलं.

"राहू दे. कात्री एकदाच चालती," रामकिशन गंभीरपणे म्हणाला. मग खाली वॉशरांची चळत लावून हँडल नळीच्या टोकाला बसवलं. बाभळीचा पाला ओरबाडायला शेळी मागच्या पायांवर उभी राहते, तशी सायकल दिसायला लागली. विजयमालेने एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि आपण मात्र रेल्वेनेच येणार असं सांगितलं.

त्या दिवसासाठी रामकिशनने स्वतःला नवी पँट शिवली. सायकल चालवून आपण बारीक होणार हे धरून ती अंगासरशी शिवली, आत सूतभरही कापड जास्त ठेवलं नाही. (चिमटा येईपर्यंत सायकल बंदच होती, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.)

सपाटीला ठीक चाललं. ताठ बसल्यामुळे रस्त्यावरच्या लोकांना तो पिकांची पाहणी करायला आलेला साहेब वाटला असावा. पण पुलाच्या चढाला पुढचं चाक जमीन सोडू लागलं आणि रामकिशन सीटवरून मागे घसरू लागला. चढ तो हँडल धरून, पायी चढला. चुडाव्याच्या वेशीपर्यंत असे बरेच चढ निघाले. नंतर नंतर तर सपाट रस्ताही त्याला चढ वाटायला लागला.

वेशीत मात्र त्याने पुन्हा टांग मारली. सासऱ्याच्या दारात सगळी मंडळी उभी होती. कासाबाईंच्या हातात ओवाळणीचं तबक, आदिनाथच्या हातात मोबाइल. त्याचा चेहरा पडलेला पाहून रामकिशनला उन्हाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. ऐटीत ब्रेक दाबून तो सीटवरून पुढे उतरला. पण नव्या चिमट्याने सायकलची दांडी उंच झाली होती, आणि जमीन नेहमीच्या जागी नव्हती. ती सापडेपर्यंत पाय फाकत गेले. मग मागून, पँटच्या बैठकीतून, आवाज आला. टेलरला तो आवाज ओळखू येतो.

सासऱ्याचं धोतर गुंडाळून रामकिशन पाटावर बसला. आदिनाथ मोबाइलमध्ये काढलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होता. पण कासाबाई हसल्या नाहीत. ओवाळलं, धोंडे वाढले. "एवढ्या उन्हात सायकलवर आलाव," त्या म्हणाल्या. रामकिशनला भरून आलं.

मग त्यांनी वाणाच्या ताटातलं पँटचं कापड त्याच्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, हे आता इथंच शिवाया टाका. आमच्या गावचा टेलर बैठक लय पक्की शिवतो."